सतरा पानांचं जांभूळ

“हे माझं झाड न्हाई. माझं झाड कुठं टाकलं ते सांगा आधी.”

सकाळचे सात वाजले होते, जागा गावची स्मशानभूमी, आणि ओरडणाऱ्या वहिनींची उंची माझ्या छातीला जेमतेम लागेल एवढी. पण आवाज असा, की दहनाच्या शेडवर बसलेली कबुतरं उठली ती मिरजगावच्या बाजारात जाऊनच टेकली. हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. खरं म्हणजे कबुतरं शेजारच्या बाभळीवर गेली होती.

समोर आम्ही तिघं. मी, गुरुजी आणि चाचा. तिघांची वयं मिळून दोनशेच्या वर जातात आणि तिघांच्या हातांत पाण्याच्या झाऱ्या. वहिनींच्या हातात तांब्या. मधे ते जांभळाचं रोप, हिरवंगार, तकतकीत, नुकतंच तेल लावून बसवल्यासारखं.

“मी लेकीकडं गेले तवा सतरा पानं हुती,” वहिनी म्हणाल्या. “त्यातली तीन कडंनं भाजल्याली. आता एकवीस हायेत, अन् भाजल्यालं एक बी न्हाई.”

“वहिनी, आठ दिवस झाले की तुम्हाला जाऊन,” मी म्हणालो. “जांभूळ लई चलाख झाड. जुनी पानं टाकतं अन् एका रात्रीत चार-चार फोडतं. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“माझं माझ्या गुडघ्याला लागत हुतं. हे मांडीला लागतंय.”

“वाढलं.”

“खाली वाकून बघा भावजी. माझ्याला हितं आडवी गाठ हुती. गाठ कुठं गेली? ती बी टाकली का त्यानं?”

गुरुजी झारीच्या तोंडाकडे बघत होते. चाचा तर पाठ फिरवून उभे राहिले होते. बोलायचं काम नेहमी माझ्याकडे असतं आणि ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी कारखान्यात केन यार्डला होतो. उसाच्या गाड्या रांगेत लावणं हे माझं काम. शे-दोनशे बैलगाड्या, तेवढेच ट्रॅक्टर, त्यांचे हॉर्न आणि ड्रायव्हरांच्या शिव्या, या सगळ्याच्या वर माझा आवाज लागायचा. निवृत्त झालो तेव्हा तो आवाज घरात मावेना. बायको म्हणाली, बाहेर कुठंतरी जाऊन बोला. गुरुजी शाळेतून निवृत्त, त्यांना शिकवल्याशिवाय जेवण पचत नव्हतं. चाचांनी चाळीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधली होती. त्यांची नर्सरी आता मुलगा बघतो, आणि मुलाला त्यांनी मध्ये मध्ये हात घातलेला आवडत नाही. असे आम्ही तीन रिकामे म्हातारे शाळेच्या कुंपणापाशी झाडं लावायला लागलो, आणि बघता बघता दर रविवारी बायकांचा वर्ग भरायला लागला. वाफे कसे करायचे, मिरचीवर काय फवारायचं, उष्ट्या-खरकट्याचं खत कसं करायचं. गुरुजी फळ्यावर लिहायचे, चाचा हातांनी दाखवायचे, मी बोलायचो.

बोलताना थोडं वाढवून सांगितल्याशिवाय माणसं बसत नाहीत, हा माझा अनुभव. दुधी भोपळ्याचा मांडव कसा घालायचा हे सांगताना मी सांगायचो की आमच्या शेजारच्या एका भोपळ्यानं मांडव मोडून खाली गाय बसली होती ती दाबली, आणि गाईला भोपळ्यातून वाट पोखरून बाहेर काढली. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मांडव मात्र मजबूत घालायच्या. माझ्या थापांनी कुणाचं वाईट झालं नव्हतं. तोपर्यंत तरी.

राखेची कल्पना गुरुजींची. आमच्या सीना नदीला वर्षातले सात-आठ महिने पाणी नसतं. सावडायला गेलेली माणसं राख वाळूत ओतून येतात आणि दुपारच्या वाऱ्यानं ती पोरांच्या क्रिकेटच्या मैदानावर जाते. गुरुजी म्हणाले, अस्थी न्यायच्या तिथं न्या, राख मात्र खड्ड्यात घालू आणि वर झाड लावू. माणूस सावलीच्या रूपानं राहील. गुरुजी असं बोलायला लागले की आपण काही बोलू नये. चाचा तेवढे बोलले.

“मूठभर घाला,” चाचा म्हणाले. “राख गरम असते. आपली जमीन आधीच चुनखडीची, वर राख घातली तर मूळ भाजेल.”

“आणि बाकीची?” मी विचारलं.

“बाकीची दुसरीकडे.”

आता हे लोकांना कोण सांगणार? बापाची राख घमेल्यात घेऊन उभा असलेल्या मुलाला म्हणायचं, एवढा बाप इथं घाल आणि उरलेला दुसरीकडे? पहिल्याच वेळी एका मुलानं मला विचारलं, काका, सगळी घालू का? मी चाचांकडे बघितलं नाही. मी त्याला माझ्या मामाच्या शेतातला आंबा सांगितला. आजोबांची सगळीच्या सगळी राख त्या आंब्याला घातली, तर तिसऱ्याच वर्षी तो असा लागला की फांद्यांना टेकू द्यायला गावातल्या गाड्यांची जुवं सोडून आणावी लागली. मुलाचे डोळे भरून आले. त्यानं आणलेली दोन घमेली ओतली.

माझ्या मामाच्या शेतात आंबा नव्हता. शेतही नव्हतं म्हणण्यासारखं, खडक होता.

तेव्हापासून ती रीतच पडली. सगळी राख. दीड फुटाचा खड्डा, त्यात दोन घमेली राख, वर नावापुरती माती आणि तिच्यात रोप. महिन्याभरात पानांच्या कडा तांबूस व्हायच्या, मग पान जळक्या कागदासारखं वळायचं. पहिलं झाड आम्ही पाणी वाढवून वाचवायला बघितलं. ते एका म्हाताऱ्या सासूचं झाड होतं. वाळलं तसं गावात सुरू झालं, म्हातारीची इच्छा राहिली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला होता, ते लोकांना आत्ता आठवलं. मग कुणीतरी म्हणालं, सून शेवटी शेवटी ताट सरकवायची. सून बिचारी म्हातारीचं सगळं अंथरुणात करत होती, हे आम्हाला माहीत होतं. दिवाळीला ती माहेरी गेली ती तीन महिने आली नाही. आणि ज्याच्या आंब्यानं हे झालं तो मी पारावर बसून ऐकत होतो.

म्हणून आम्ही झाडं बदलायला लागलो. कुठल्याही झाडाची पानं वळायला लागली की भल्या सकाळी जायचं, रोप उपटायचं, खड्ड्यातली माती काढायची, नवी भरायची आणि चाचांच्या नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं रोप आणून बसवायचं. चाचा रोप निवडायला अर्धा तास घ्यायचे. पानं, फांदी, वाकण, सगळं जुळवायचे. अशी चार झाडं बदलली. चार घरांना पत्ता नाही. गुरुजींना हे मनातून पटत नव्हतं, पण त्या सुनेचं नाव काढलं की ते गप्प व्हायचे.

वहिनींचं पाचवं.

वहिनींचे मालक ग्रामपंचायतीत पाणी सोडायचे. सायकलवर लांब दांड्याची चावी बांधून गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवत हिंडायचे. उन्हाळ्यात अख्ख्या गावाच्या शिव्या एकट्यानं खाल्ल्या, आणि एका सकाळी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडून तिथंच बसले ते उठलेच नाहीत. मुलगी कोल्हारला दिलेली, जावयानं अस्थी वाट वाकडी करून प्रवरासंगमला सोडल्या. राख इथं राहिली. रोप जांभळाचं का, तर त्या दिवशी नर्सरीत तेवढंच एक बऱ्यापैकी होतं.

बाकीच्या घरांत आणि वहिनींच्यात फरक हा, की वहिनी रोज यायच्या. तांब्याभर पाणी घालायच्या आणि बसायच्या. आम्ही लांबून दुसऱ्या झाडांना आळी करत असायचो, त्यामुळं कानावर पडायचं. “वरच्या आळीला पानी न्हाई आलं काल. नव्या पोराला चावी फिरवता येत न्हाई.” किंवा, “लेकीचा फोन आल्ता. बरी हाय म्हनली, पन आवाज बारीक हुता.” गावात नवऱ्याशी एवढं बोलणारी बाई मी पाहिली नाही, आणि तो जिवंत असताना या दोघांना बोलतानाही फारसं कुणी ऐकलं नव्हतं. एकदा मी विचारलं, वहिनी, घरी फोटो आहे की, तिथं बोला. तर म्हणाल्या, “फोटूला काय कळतंय भावजी. हितं ते हायेत.”

हे वाक्य ऐकूनही आम्ही ते झाड बदललं. त्या लेकीकडे गेल्या आणि तीन पानांची पाच पानं भाजली, दोन दिवसांत शेंडा मऊ पडला. आल्यावर वाळकं झाड बघतील, गाव बोलेल, त्यापेक्षा बरं, असं आमचं म्हणणं. चाचांना या वेळी बरोबर जोड मिळाली नाही. मीच म्हणालो, चार पानं जास्त असली तर उलट खूश होतील.

तर आता वहिनी खाली वाकून त्या नव्या रोपाच्या बुंध्याशी गाठ शोधत होत्या आणि मी वर उभा राहून घाम पुसत होतो.

“बरं,” मी शेवटी म्हणालो. “वाळलं होतं वहिनी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बदललं. आमचं चुकलं.”

त्या उठल्या. 

“अन् ते कुठं हायेत?”

“झाड होय? ते...”

“झाडाचं न्हाई इचारत. खड्ड्यातली माती नवी हाय, मला दिसतंय. जुनी कुठं टाकली?”

केन यार्डात एकदा दोन ट्रॅक्टरांच्या मधे सापडलो होतो, तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो. पण तोंड आपोआप चालू झालं. मी सांगितलं, की माती आम्ही स्वच्छ धुतलेल्या पोत्यात भरली, गुरुजींनी हळदकुंकू वाहिलं, आणि कोल्हारला जाणाऱ्या टेम्पोत घालून मी स्वतः ती प्रवरेत सोडून आलो. पाणी असं होतं की काठावरच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. पोतं सोडलं तसा एक मासा वर आला, परातीएवढा.

“कंच्या दिवशी?” वहिनींनी विचारलं.

“गुरुवारी.”

“मी बेस्तरवारी कोल्हारातच हुते,” त्या म्हणाल्या.  मग चेहरा सैल पडला. “मला न्हवतं म्हाईत. घाटावर गेले असते. आता उद्याच जाते परत. नारळ तरी सोडते.”

त्यांनी थाप गिळली होती. मी सुटलो होतो. आणि मला सांगायला लाज वाटते, पण माशाची पुढची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती.

चाचा वळले. झारी त्यांनी खाली ठेवली.

“भाभी, जाऊ नका,” ते म्हणाले. “कोल्हारला कुणी गेलं नाही. माती खताच्या खड्ड्यात गेली.”

गुरुजींनी डोळे मिटले.

हे सांगायलाच हवं, की ते मुद्दाम झालेलं नव्हतं. राख आणि माती मिसळलेली दिसली की आमच्यासारख्यांचे हात ती कुठं टाकायची हे विचारत नाहीत. शाळेमागे खताचे खड्डे आहेत, त्यात पालापाचोळा, शेण, चुलीतली राख, सगळं जातं. पहिलं रोप बदललं तेव्हा मी घमेलं भरलं, नेलं आणि ओतलं. ओतून झाल्यावर कळलं काय ओतलं ते. काढायचं तर कसं आणि कुठून? मग दुसऱ्या वेळीही तिथंच, तिसऱ्या वेळीही. कुणी काही बोललं नाही. वहिनींच्या वेळी मात्र खड्ड्यातलं खत तयार झालेलं होतं, आणि त्याच रविवारी आम्ही वर्गातल्या बायकांना खत वाटलं. वर-खाली हलवून, चांगलं मिसळून.

हेही चाचांनीच सांगितलं. मी फक्त हो म्हणालो.

“किती घरं?” वहिनींनी विचारलं.

“बारा,” गुरुजी म्हणाले. “आणि शाळेतले वाफे.”

“म्हंजी मेथीला.”

“मेथीला, वांग्याला. गुलाबालाही असेल कुणाच्या.”

मला ते सहन होईना. मी म्हणालो, “वहिनी, तुमच्या वाटचं घमेलं मीच तुमच्या दारात नेऊन ओतलं. न्हाणीच्या मागं, अळवाला. म्हणजे बघा, थोडे तरी ते घरीच आलेत.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मला पुष्कळांनी खोटारडा म्हटलंय, हसत म्हटलंय, रागानं म्हटलंय. असं कुणी बघितलं नव्हतं.

“कुठले थोडे?” त्या म्हणाल्या.

 

त्या शेडच्या ओट्यावर बसल्या. ऊन वर आलं. चाचा त्यांच्यापासून हातभर लांब, जमिनीवर उकिडवे बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, की आमच्यात आख्खा माणूसच मातीत जातो, पण त्याच्या डोक्यावर आम्ही झाड लावत नाही, बाजूला लावतो. “मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसलो,” ते म्हणाले. “माझी पण चूक आहे भाभी.”

“तुमी मूठभर म्हनला हुता,” वहिनी म्हणाल्या. “मी ऐकलं हुतं त्या टायमाला. पन भावजींचा आंबा लई गोड वाटला मला.”

गुरुजी रडत होते. वर्गात ज्यांच्या छडीला पोरं थरथरायची तो माणूस झारीची दांडी धरून रडत होता, आणि मी बुटाच्या टोकानं माती उकरत होतो.

तांब्या ओट्यावर ठेवून वहिनींनी विचारलं, “आनखी कुनाकुनाची बदलली?”

“चार.”

“त्यास्नी म्हाईत हाय?”

“नाही.”

“सांगा.”

“वहिनी, मारतील,” मी म्हणालो.

“मारू द्या की. तुमी माझ्याकडनं काय घेतलं ते मला कळलं. त्यांचं त्यास्नी कळू द्या. ते बी येऊन बसत असतील, बोलत असतील, तुमाला दिसत नसंल. न्हाईतर मीच सांगते.” त्यांनी पदर खोचला. “चला. मी बी येते.”

त्या दिवसापासून वहिनी स्मशानभूमीत आल्या नाहीत, हे आत्ताच सांगून टाकतो. त्यांच्या न्हाणीमागचं अळू त्यांनी कापलं नाही. पानं सुपाएवढी झाली, आणि हे मी वाढवून सांगत नाही, सुपाएवढीच झाली. रस्त्यावरून जाताना दिसायची. त्या कधी अळवापाशी उभ्या दिसल्या नाहीत, आणि बोलताना तर नाहीतच. रविवारचा वर्गही हळूहळू मोडला. खताची गोष्ट बारा घरांत पोचली. कुणी भांडायला आलं नाही, फक्त यायचं थांबलं. एका बाईनं आपला वांग्याचा वाफा मुळासकट खणून माती परत आमच्या खड्ड्याशी आणून ओतली आणि एक शब्द न बोलता घमेलं झटकून गेली.

पण त्या सकाळी आम्ही चौघं निघालो. पुढं वहिनी, मागं आम्ही तिघं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. पहिलं घर हायवेला लागून. खाली बी-बियाणांचं दुकान, वर दोन मजले. त्यांच्या वडिलांचं वडाचं रोप आम्ही लावलं तेव्हा माणसांची रीघ लागली होती. मुलानं, सुनांनी, नातवंडांनी, पाहुण्यांनी, सगळ्यांनी त्या एवढ्याशा रोपाला हात लावून मोबाईलमध्ये फोटो काढले. सगळ्यांचे फोटो होईपर्यंत रोपाची एक फांदी मोडली होती. मोठ्या मुलानं सरपंचांसमोर शब्द दिला होता, की कुंपण मी करतो, पाण्याला माणूस ठेवतो.

तोच मुलगा गल्ल्यावर होता. चांगला माणूस. वहिनींना बघून उठला, खुर्ची पुसून दिली, आतून पाणी मागवलं. आम्हाला म्हणाला, बसा काका, चहा टाकायला सांगतो. आम्ही बसलो नाही. बोलायचं काम इथंही माझ्याकडेच होतं.

या वेळी मी काहीही वाढवलं नाही. मासा नाही, मामा नाही. सगळी राख घाला असं मी म्हणालो, ते चुकीचं होतं. त्यानं मूळ भाजलं. रोप वाळलं. आम्ही ते काढलं, तुम्हाला न सांगता दुसरं लावलं. खड्ड्यातली माती खतात गेली, खत गावात गेलं. तुमच्या वडिलांची राख आता त्या झाडाखाली नाही. एवढं बोलायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. एवढं कमी मी जन्मात कधी बोललो नव्हतो. शर्ट पाठीला चिकटला होता.

वहिनी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याला आता काय होईल, तो कसा बसेल, कशाला धरेल, हे आपल्याला माहीत आहे अशा नजरेनं. त्यांनी हात थोडासा पुढंही केला होता.

त्यानं ऐकून घेतलं. एक गिऱ्हाईक आलं होतं त्याला हातानं थांब म्हणाला. कपाळाला आठी घालून थोडा वेळ आठवायला बघितलं. मग माझ्याकडे, गुरुजींकडे, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

“आमी झाड लावल्तं व्हय?” तो म्हणाला.